हात अडतो, डार्ट सुटत नाही : डार्टायटिसमधून बाहेर येण्याची पायरीपायरीची पद्धत

कोपर उचललेलं असतं, नजर वीसच्या ट्रिपलवर, म्हणजे तिप्पट गुणांच्या बारीक पट्टीवर. हात मागे येतो, गालापाशी थांबतो आणि तिथेच राहतो. अंगठ्याचं नख दाबून पांढरं पडतं, फ्लाइट, म्हणजे डार्टच्या शेपटीचे पंख, थरथरायला लागते, मनगट दोन-तीनदा पुढे जायची हूल देतं, पण बोटं काही उघडत नाहीत. शेवटी डार्ट सुटतो तो थेट खाली तीनच्या घरात, नाहीतर बोर्डाखालच्या भिंतीवर.

या दुखण्याला डार्ट खेळणारे 'डार्टायटिस' म्हणतात. गोल्फमध्ये पटिंग करताना, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडे ढकलताना, हात असाच दगा देतो, त्याला 'यिप्स' म्हणतात. तिरंदाजीत त्याचं नाव 'टार्गेट पॅनिक'. तिन्ही खेळांत एक गोष्ट समान आहे : समोरचं लक्ष्य हलत नाही, घाई कुणी करत नाही, सुरुवात कधी करायची ते खेळाडूनंच ठरवायचं असतं. विचार करायला भरपूर वेळ मिळतो आणि घोटाळा तिथेच होतो.

हे नवशिक्यांचं दुखणं नाही. इंग्लंडचा एरिक ब्रिस्टो १९८० ते १९८६ या काळात पाच वेळा जगज्जेता झाला आणि ऐन भरात असताना त्याचा हात अडायला लागला. त्यातून तो बराच सावरला, क्रमवारीत पुन्हा पहिला आला, १९८९, १९९० आणि १९९१ अशा सलग तीन जागतिक अंतिम फेऱ्या खेळला. सहावं विजेतेपद मात्र मिळालं नाही. २०२३ची वर्ल्ड मॅचप्ले ही डार्टची स्पर्धा जिंकणारा नेथन अ‍ॅस्पिनॉल यानंही आपल्या डार्टायटिसबद्दल उघडपणे सांगितलं आहे. तेव्हा 'मन खंबीर कर' हा सल्ला देणाऱ्याकडे सरळ दुर्लक्ष करा.

हात अडतो म्हणजे काय होतं

हजारो वेळा केलेली फेक हाताला पाठ झालेली असते. हात मागून पुढे यायला आणि बोटं उघडायला सेकंदाचा अगदी छोटा भाग लागतो. डोळ्यांनी काही पाहून त्यावर जाणीवपूर्वक काही करायचं तर माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे 'आता सोड' असा हुकूम मनानं द्यायचा म्हटलं तर तो पोचेपर्यंत सोडायची वेळ निघून गेलेली असते. चांगली फेक हुकुमावर चालतच नाही. जिना उतरताना प्रत्येक पायरीला कुठला स्नायू आवळायचा याचा विचार करून पाहा, चौथ्या पायरीवर ठेचकाळाल. इथे तेच होतं. एखादा महत्त्वाचा डबल, म्हणजे बोर्डाच्या कडेची दुप्पट गुणांची पट्टी, चुकतो, मग पुढच्या वेळी हातावर पहारा बसतो, आणि पहाऱ्याखाली हात आखडतो.

याच्यापुढचा भाग जास्त वाईट. अडलेला डार्ट खेळाडू जोर लावून कसाबसा भिरकावतो. भिरकावला की क्षणभर हायसं वाटतं. शरीराला हा क्रम कळतो : नेम, भीती, झटका, सुटका. दहा डार्ट असे फेकले तर झटक्याचा दहा वेळा सराव झाला. म्हणूनच डार्टायटिस झालेल्यानं रोज तीन तास घाम गाळला तर दुखणं कमी न होता घट्ट होत जातं.

यातून निघायचं तर नेम धरणं आणि डार्ट सोडणं या दोन गोष्टींची गाठ काही काळ सोडवावी लागते. आधी नेमाशिवाय नुसतं सोडणं पुन्हा सहज करायचं आणि मग नेम इंचाइंचानं परत आणायचा. पुढचं सगळं याच एका कल्पनेवर उभं आहे.

आधी डॉक्टरांचा प्रश्न निकालात काढा

लिहिताना, गुंड्या लावताना, कप उचलतानाही हात वळतो किंवा कापतो का? बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा आहे, खांदा-कोपर दुखतं का? असं काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. गरज वाटली तर ते मेंदूविकार-तज्ज्ञांकडे पाठवतील. एकाच सरावाच्या हालचालीपुरते स्नायू वेडेवाकडे आवळले जाण्याचा 'फोकल डिस्टोनिया' नावाचा विकार असतो. वादकांना आणि सतत हातानं लिहिणाऱ्यांना तो होतो, काही खेळाडूंच्या यिप्समागेही तो असू शकतो. त्याचे उपचार वेगळे असतात.

गोळ्यांबद्दलही इथेच सांगून टाकतो. धडधड आणि थरथर कमी करणारी प्रोप्रानोलॉलसारखी बीटा ब्लॉकर औषधं कुणीतरी 'घेऊन बघ' म्हणून सुचवतंच. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत डार्टच्या स्पर्धांदरम्यान ही औषधं बंद आहेत. दमा किंवा मंद नाडी असलेल्याला ती धोक्याचीही ठरतात. दारूचा एखादा घोट घेतला की हात मोकळा होतो असं बऱ्याच जणांना वाटतं. पहिल्या दिवशी होतोही. पण मग त्या घोटाशिवाय हात चालेनासा होतो, म्हणजे एका अडचणीच्या दोन होतात.

नेमकं कुठे अडतंय ते पाहा

सगळ्यांचं एकाच जागी अडत नाही, आणि जागा वेगळी तर उपायही वेगळा. मोबाइल खांद्याच्या उंचीवर, फेकणाऱ्या हाताच्या बाजूला साधारण दोन मीटरवर ठेवा आणि स्लो मोशनमध्ये ३० डार्टचं चित्रण करा. डार्ट कुठे लागला ते पाहायचंच नाही. हात पाहा.

काहींचा डार्ट डोळ्यांसमोर येऊन थांबतो आणि मागे जायला सुरुवातच होत नाही. काहींचा हात मागे जातो आणि गालाशी थिजतो. हा सगळ्यांत जास्त दिसणारा प्रकार. तिसऱ्या प्रकारात हात पुढे येतो, पण बोटं डार्टला चिकटून राहतात आणि तो उशिरा सुटून खाली जातो. चौथ्यात थांबणं असं दिसतच नाही, सुटायच्या क्षणी मनगटाला हिसका बसतो. दोन प्रकार एकत्रही असतात. अशा वेळी जो आधी येतो त्याच्यावर काम करा, दुसरा बहुधा त्याच्या मागूनच आलेला असतो.

मग कधी अडतं ते शोधा. एकाच दिवशी, मध्ये दोन-दोन मिनिटं थांबून, प्रत्येकी दहा फेकी करा :

१. रिकाम्या हातानं, डोळे मिटून.
२. डार्ट घेऊन, बोर्डावर कोरा कागद लावून.
३. उघड्या बोर्डावर, कुठेही.
४. वीसच्या ट्रिपलवर.
५. डबल सोळावर, गुण लिहीत.

प्रत्येक फेकीपुढे, सहज गेली तर बरोबरची खूण, अडली तर आडवी रेघ. पहिल्या दोन ओळी स्वच्छ आणि रेघा चौथ्या-पाचव्या ओळीतच असतील तर दुखणं लक्ष्याशी जोडलेलं आहे आणि पुढची पद्धत बहुधा चांगली लागू पडेल. रिकाम्या हातानंही डोळे मिटून अडत असेल तर मात्र वरचा डॉक्टरांचा परिच्छेद पुन्हा वाचा.

अडलेला डार्ट फेकायचा नाही

हा नियम आजपासून, आणि त्याला सूट नाही. डार्ट वर आल्यापासून दोन सेकंदांत गेला नाही, किंवा हात कुठेही थिजल्याचं जाणवलं, की हात खाली घ्या. ऑकीपासून, म्हणजे फेकायच्या रेषेपासून, एक पाऊल मागे या. डार्ट दुसऱ्या हातात द्या, बोटं पसरून मोकळी करा, श्वास सोडा आणि सगळं पहिल्यापासून सुरू करा. लागोपाठ तीनदा असं झालं तर ती बैठक तिथेच संपवा.

पहिले दोन-चार दिवस याचा भयंकर कंटाळा येतो. पंधरा मिनिटांत वीसच डार्ट जातात. जाऊ देत. जोर लावून सोडलेला एकेक डार्ट झटक्याची शिकवणी असते. ती बंद झाल्याशिवाय बाकी कशाचा उपयोग होत नाही.

या दिवसांत सामने खेळू नका. महिनाभर डार्टला हातच न लावणं हा मात्र उपाय नाही. विश्रांतीनं ताण उतरतो, पण नेम दिसला की थिजायची सवय जशीच्या तशी शाबूत राहते. आठ-दहा दिवसांची सुट्टी घेऊन मग खालच्या क्रमानं सुरुवात करावी.

कोरा कागद, एक मीटर

बोर्डावर जाडसर कोरा कागद लावा. तो कडेनं चिकटपट्टीनं चिकटवा; टाचण्या लावल्या तर डार्टचं टोक त्यांच्यावर आपटून उडतं. कापड वापरू नका, डार्टबरोबर ते आत ओढलं जातं आणि काढताना सगळंच लोंबकळतं. कागदावर ठिपका, रेघ, घडीची खूण काहीही नको. नजरेला धरायला काही सापडलं की तेच लक्ष्य होऊन बसतं. एकाच जागी भोकांचा पुंजका दिसायला लागला की कागद बदला. इलेक्ट्रॉनिक बोर्ड असेल तर बंद ठेवा, कारण प्रत्येक फेकीनंतर वाजणारा आवाज आणि उमटणारा आकडा हाही निकालच असतो.

नियमातलं अंतर २.३७ मीटर आहे, बुलची, म्हणजे बोर्डाच्या मध्याची, उंची जमिनीपासून १.७३ मीटर. सुरुवात एक मीटरवरून करा. इतक्या जवळून डार्ट चुकायची भीतीच उरत नाही. मात्र तारेला लागून उलटा आलेला डार्ट थेट पायावर येतो. बंद बूट घाला, बोर्डाभोवती सराउंड, म्हणजे भिंत वाचवणारं मऊ कडं, लावा आणि आजूबाजूला कुणी उभं राहणार नाही एवढं पाहा.

दिवसाला ९० डार्ट पुरेत. ३०-३०च्या तीन बैठका आणि मध्ये निदान तासाभराचं अंतर. मोजायचं एकच : फेक सहज गेली की अडली. डार्ट कागदावर कुठे लागला याची नोंद नाही, कौतुक नाही, खंतही नाही. कागदाच्या मधोमध सुंदर पुंजका जमला आणि मन खूश झालं, तर ओळखा की निकालाचा विचार मागच्या दारानं परत आला.

तोंडाला काम द्या

हातावर बसलेला पहारा उठवायचा सोपा मार्ग म्हणजे पहारेकऱ्याला दुसरीकडे कामाला लावणं. फेकताना मोठ्यानं शंभरापासून तीन-तीन वजा करत या : शंभर, सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, एक्याण्णव. किंवा सतराचा पाढा म्हणा. दोनाचा नको, तो झोपेतही येतो. डोकं थोडं गुंतेल इतपत अवघड पाहिजे. बहुतेकांचा हात या खेळात आश्चर्य वाटावं इतका मोकळा चालतो, आणि स्नायू धडधाकट आहेत याचा हा पुरावाच असतो. आयुष्यभर पाढे म्हणत डार्ट खेळता येत नाही हे खरं. ही पहिल्या आठवड्याची कुबडी आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून पाढ्याची जागा तालाला द्या. मेट्रोनोमचं अ‍ॅप मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. पहिल्या ठोक्याला डार्ट वर, दुसऱ्याला हात मागे न्यायला सुरुवात. तिसरा ठोका मोजायचाच नाही. सोडण्याला ठोका दिलात की 'आता, आता' अशी वाट पाहणं सुरू होतं आणि पुन्हा तिथेच येऊन थांबता. ताल फक्त सुरुवातीला बांधा. हात मागे गेला की पुढे येणं त्याच्यावर सोपवा. ६० घाईचं वाटलं तर ५० ठेवा. ४०च्या खाली गेलात तर थांबायला फार वेळ मिळतो.

श्वास रोखून धरायची खोड जवळजवळ सगळ्यांना असते. डार्ट वर येताना श्वास सोडायला लागा आणि फेक संपेपर्यंत सोडत राहा. श्वास चालू असला की खांदा वर चढत नाही.

जागेप्रमाणे इलाज

सुरुवातच होत नसेल तर हात डोळ्यांसमोर आणून स्थिर करायची पद्धत सोडून द्या. हात कमरेपासून वर येतो, न थांबता मागे जातो आणि पुढे. हलणारा हात चालू ठेवणं सोपं असतं, थांबलेला हलवणं कठीण. काही जण आधी छोटे झोके देतात. त्यात गैर काही नाही, पण झोके मोजून दोनच, तिसऱ्याला डार्ट जायलाच हवा. संख्या मोकळी ठेवली तर दोनाचे चार आणि चाराचे नऊ होतात, आणि तेही अडणंच.

गालाशी थिजत असेल तर हात मागे नेण्याचं अंतर कमी करा. नेहमी गालापर्यंत येत असेल तर चार-पाच सेंटिमीटर आधीच वळवा. हात जिथे थिजायला शिकला त्या जागेपर्यंत तो जातच नाही. आखूड फेकीत जोर कमी पडतो, डार्ट थोडा खाली जातो. कोपर किंचित वर धरलं की पुष्कळसं भरून निघतं.

बोटं चिकटत असतील तर पकड तपासा. दहापैकी दहा म्हणजे पूर्ण ताकद धरली, तर डार्टला तीन पुरतात; अडणाऱ्याचं सात-आठवर गेलेलं असतं. कागदाचा चुरगळून गोळा करा, डार्टसारखाच चिमटीत धरा आणि बादलीत टाका, रोज पन्नास वेळा. इतक्या हलक्या वस्तूला कुणी आवळत नाही, त्यामुळे बोटांना उघडायची सवय परत लागते. बॅरलही, म्हणजे डार्टचा बोटांनी धरायचा भाग, पाहा. खोल खाचांचं, खरखरीत बॅरल बोटांना धरून ठेवतं, आणि त्यात बोटांना मेण लावलेलं असेल तर विचारायलाच नको. कमी खाचांचं बॅरल घ्या, मेण बंद करा, बोटं कोरड्या फडक्यानं पुसा.

हिसका बसत असेल तर शेवटाकडे लक्ष द्या. डार्ट गेल्यावर हात बोर्डाकडे पसरलेला तसाच एक आकडा मोजेपर्यंत ठेवायचा. हिसक्यानंतर हात लगेच मागे ओढला जातो. तो समोर ठेवायचा म्हटलं की हिसक्याला जागाच कमी उरते.

या सगळ्यामागचं तत्त्व असं : जुनी हालचाल आणि भीती एकमेकींना चिकटलेली असतात, तर थोडी वेगळी हालचाल द्यावी, जिला अजून भीती चिकटलेली नाही. जर्मनीचा गोल्फपटू बर्नहार्ड लांगर याला कारकिर्दीत अनेकदा यिप्सनं गाठलं. दर वेळी त्यानं पटर, म्हणजे पटिंगची काठी, धरायची पद्धत बदलली, एकदा तर डाव्या हाताच्या पुढच्या भागाशी पटरचा दांडा दाबून धरायची विचित्र पकड काढली, आणि १९८५ व १९९३ असं दोनदा मास्टर्स जिंकलं. पण एका वेळी एकच बदल करा आणि त्याला निदान दोन आठवडे द्या. सोमवारी नवे डार्ट, बुधवारी नवी पकड, शुक्रवारी नवा पवित्रा असं केलं तर कशानं फरक पडला हे कधीच कळणार नाही. नवा संच हाती आला की पहिले दोन दिवस सगळ्यांचंच छान जातं. त्याला भुलू नका.

दुसऱ्या हातानं खेळून पाहण्यासारखं आहे. दीड मीटरवरून दहा डार्ट. वेडेवाकडे जातील, पण बहुधा अडणार नाहीत. कायमचा हात बदलावा असं मात्र सुचवणार नाही. ती मेहनत फार मोठी आहे.

लक्ष्य परत आणणं

खरी कसोटी इथे आहे आणि इथेच सगळ्यांत जास्त घाई होते. क्रम असा :

कोरा कागद १ मीटरवर, मग १.५, मग २, मग २.३७. त्यानंतर कागद काढायचा, अंतर तेच, डार्ट कुठेही. मग बोर्डाचा वरचा अर्धा भाग. मग पाच, वीस आणि एक ही तीन घरं मिळून. मग फक्त वीसचं घर. मग वीसचा ट्रिपल. मग डबल, पण गुण न लिहिता. मग एकट्यानं ५०१, म्हणजे ५०१ वरून शून्यावर यायचा खेळ, गुण लिहून. मग कुणीतरी पाहत असताना. मग सामना.

वर चढायची अट : ३० पैकी २७ डार्ट सहज, तेही सलग दोन दिवस. २४ ते २६ आले तर त्याच पायरीवर थांबा. २४च्या खाली गेलात तर एक पायरी उतरा, त्याच दिवशी. उतरण्यात कमीपणा काही नाही. कागद काढल्यावर आणि डबलवर आल्यावर बहुतेक जण एकदा तरी घसरतात. प्रत्येक दिवसाची सुरुवात आधीच्या पायरीवरच्या नऊ-बारा डार्टांनी करा, म्हणजे हाताला मोकळ्या फेकीची चव आधी मिळते.

किती दिवस लागतील? सौम्य असेल तर काही आठवडे, मुरलेलं असेल तर काही महिने, आणि काहींचं पूर्ण जातच नाही, ते त्याला धरून खेळायला शिकतात. तारखा ठरवू नका. 'पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेपर्यंत बरं व्हायचंय' असं ठरवलं की ती स्पर्धाच नवा पहारेकरी होते.

लक्ष्य परत येताना लक्ष कुठे ठेवायचं हा प्रश्न उभा राहतो. कोपर, मनगट, अंगठा यांपैकी कशावरही नको. शरीराच्या हालचालीवर लक्ष ठेवण्यापेक्षा तिच्या बाहेरच्या परिणामावर लक्ष ठेवलं तर हालचाल अधिक सहज होते, हे शरीराच्या हालचालींच्या अभ्यासक गॅब्रिएले वुल्फ यांच्या संशोधनातून वारंवार दिसलं आहे. कागदाच्या पायऱ्यांवर डार्ट हवेत काढतो ती कमान डोळ्यांसमोर आणा. बोर्डाच्या पायऱ्यांवर डार्ट रुतलेला कसा दिसेल ते पाहा.

आणि नेम ऑकीवर पाय ठेवायच्या आधी ठरवा. रेषेवर उभं राहून 'वीस घेऊ की एकोणीस' हा विचार सुरू झाला की हात वरच राहतो आणि डोकं हिशेब करतं. डार्ट वर गेल्यावर नवा निर्णय घ्यायचा नाही. घ्यावासा वाटला तर हात खाली, पाऊल मागे.

डबलबद्दल थोडं जास्त, कारण जवळजवळ सगळ्यांचा शेवटचा अडसर तोच असतो. पट्टी जेमतेम ८ मिलिमीटर रुंद, आणि त्यावर लेगचा, म्हणजे एका डावाचा, निकाल. पहिले काही दिवस डबलच्या पट्टीला लक्ष्य न मानता, तिच्या दोन्ही बाजूंची दोन-दोन सेंटिमीटर जागा धरून सगळा पट्टा लक्ष्य माना; बोर्डाबाहेर गेलेला डार्टही चालेल. मग ३२ गुण उरलेत असं धरून, म्हणजे डबल सोळावर, सुरुवात करा : तीन डार्ट, लागो न लागो, खेळ संपला, पाटी कोरी. चुकल्याबद्दल पुन्हा संधी नाही, म्हणजे 'लागेपर्यंत सोडायचं नाही' हा हट्टही नाही. 'दहा डबल लागल्याशिवाय जेवणार नाही' छापाचा सराव या दुखण्यात विष आहे.

लोकांसमोर

आधी एकच माणूस, ओळखीचा. त्याला तीन गोष्टी सांगून ठेवा : नजरेच्या टप्प्यात उभं राहायचं नाही, मागे राहायचं, अडलं तर 'सावकाश टाक, आरामात' असलं काही म्हणायचं नाही, चांगला डार्ट लागला तरी वाहवा नाही. सहानुभूतीनंही पहारा वाढतो.

पहिले सामने छोटे घ्या, तीन लेगांपैकी दोन जिंकायचे असे. सुरू होण्याआधी प्रतिस्पर्ध्याला आणि गुण लिहिणाऱ्याला सरळ सांगा की माझा हात अधूनमधून अडतो, तेव्हा मी मागे येऊन पुन्हा उभा राहीन. लपवायचा प्रयत्न केला की तो लपवणंही हातावरच येतं. नेदरलँड्सचा बेरी व्हान पीर डार्टच्या २०१७च्या ग्रँड स्लॅम स्पर्धेत टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर अडखळत खेळला. डार्ट सुटेना, हात पुन्हापुन्हा खाली येई. ते पाहणं अवघड होतं, पण तो खेळत राहिला. वेळेबाबतचा नियम स्पर्धेप्रमाणे बदलतो. पंचांना आधीच विचारून ठेवा.

प्रत्येक पाळीचा क्रम पाठ असू द्या : मागे उभं राहून नेम ठरवणं, श्वास, पाऊल, डार्ट वर, फेक. दोन डार्टांच्या मध्ये हात कमरेपर्यंत खाली आणायचाच. वरच्या वर तिसरा डार्ट जोडणाऱ्यांचा खांदा आवळलेलाच राहतो.

एक 'अडीअडचणीची फेक'ही तयार ठेवा. हात जेमतेम दहा सेंटिमीटर मागे, मग सरळ पुढे ढकलल्यासारखी, लक्ष्य बोर्डाचा मोठा भाग. रोजच्या सरावात शेवटचे पंधरा डार्ट या फेकीचे. सामन्यात एकाच डार्टवर दोनदा अडलात, तर तिसऱ्यांदा नेहमीच्या फेकीशी झगडू नका, ही फेक वापरून पाळी संपवा. सात-आठ गुण येतील. चालेल. जोर लावून केलेल्या झटक्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं, आणि हातात काहीतरी आहे एवढ्या जाणिवेनंच पुष्कळदा तिच्यापर्यंत जायची वेळ येत नाही.

परत उपटलं तर

उपटेल. झोप कमी, कामाचा ताण, बऱ्याच दिवसांनी मोठा सामना, नाहीतर काहीच कारण नाही. एखादा डार्ट अडला म्हणून काही करू नका. एका बैठकीत ३० पैकी चारपेक्षा जास्त अडले तर दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा बोर्डावर, अंतर दोन मीटर, पाढ्यासकट. पहिल्या वेळी जी पायरी चढायला दोन आठवडे लागले ती बहुधा दोन-तीन दिवसांत होते. लगेच नवे डार्ट विकत घेऊ नका, पकड बदलू नका. आधी जुनं काम करतं का ते पाहा. खुणा आणि रेघांची वही जपून ठेवा. मागच्या वेळी कुठल्या पायरीवर घसरला होतात ते तिच्यात सापडेल, आणि या वेळी त्या पायरीवर दोन दिवस जास्त काढा.